रद्द झालेली फेरी कोणाच्या नावे मांडायची?

पहाटेचे साडेपाच वाजतात. कफ परेडच्या मच्छीमार नगरात थोड्याच घरांत दिवे लागलेले असतात. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांमागे अजून काळोख असतो. त्या काळोखातून एकेक माणूस बाहेर पडतो आणि बसथांब्यावर येऊन उभा राहतो. कोणी इस्पितळात सकाळच्या पाळीला जाणारी आया, कोणी सफाई कामगार, कोणी क्रॉफर्ड मार्केटात हमाली करणारा, कोणी पाच घरची भांडी घासणारी मावशी. थांब्यावर फारसे कोणी बोलत नाही. विचारतात ते एवढेच, "गाडी गेली का हो?" आणि उत्तर येते, "नाही, अजून आलीच नाही."

कधी कधी ही गाडी येतच नाही. तिला उशीर झालेला नसतो. ती आगारातून निघालेलीच नसते. कारभाराच्या भाषेत याला 'फेरी रद्द' म्हणतात. दोन शब्दांत विषय संपतो. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र हे कोणी सांगत नाही. तो पाच मिनिटे, दहा मिनिटे, पाव तास रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून उभा राहतो.

मी हिशेबाचा माणूस. बी.कॉम. झालो आणि गेली वीसेक वर्षे कारकुनी करतो आहे. आमच्या खतावणीत प्रत्येक रकमेला दोन बाजू असतात. एकाच्या जमा मांडली की दुसऱ्याच्या नावे मांडावीच लागते. फेरी रद्द झाली की इंधन वाचते, चालक-वाहकाची पाळी वाचते, तो आकडा कुठेतरी लिहिला जातो. मग तिचे नुकसान कोणाच्या नावे मांडायचे? आज वाचक बंधू-भगिनींसमोर हाच हिशेब मांडायचा आहे.

अफगाण चर्चपासूनची वाट

या शहरातली पहिली मोटार बस १५ जुलै १९२६ रोजी धावली ती कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. म्हणजे मुंबईच्या बसचा जन्म आपल्याच भागातला. १५ जुलै २०२६ ही तिची शंभरी. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला अवघा आठवडा उरला असताना, मुंबई महापालिकेने ट्राम, बस आणि वीज यांचा कारभार खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला. तेव्हापासून बेस्ट ही शहराच्या मालकीची, म्हणजे कर भरणाऱ्या आणि तिकीट काढणाऱ्या आपल्या सर्वांच्या मालकीची झाली.

कफ परेड हे नाव सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ या साहेबांवरून पडले. याच ट्रस्टने परळची बी.आय.टी. चाळ बांधली, जिच्यातल्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. एकाच ट्रस्टची ही दोन नावे, आणि दोन्हींकडची वस्ती किती वेगळी! कफ परेडला पुढे समुद्रात भर घालून उंच इमारती उठल्या, वर्ल्ड ट्रेड सेंटर आले. त्यांच्या पायथ्याशी मच्छीमार नगर आणि आजूबाजूच्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. टॉवरमधल्या घरांचा स्वयंपाक, धुणीभांडी, ड्रायव्हरकी, पहारा ही कामे करणारी बरीच माणसे याच वस्त्यांतून जातात. दुसरी कितीतरी माणसे दादर, परळ, लालबाग, भायखळ्याहून रोज इकडे येतात. जाणाऱ्यांना आणि येणाऱ्यांना जोडणारा धागा म्हणजे बस.

आमच्या लहानपणी घरात घड्याळ एकच होते आणि तेही पुढेमागे चालायचे. आई बसच्या आवाजावर स्टोव्ह पेटवायची. "पहिली गाडी गेली, ऊठ," असे म्हणून आम्हाला उठवायची. मी सकाळच्या कॉलेजात बी.कॉम. झालो तो विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासावर. तो पास नसता तर माझे शिक्षण बारावीलाच थांबले असते, हे मी कोणापुढेही सांगतो. म्हणून बसबद्दल लिहिताना माझ्या मनात राग नंतर येतो, आधी कृतज्ञता येते.

गाड्या गेल्या कुठे?

साधारण २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. २०२५ मध्ये स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून हा आकडा तीन हजारांच्या खाली आला होता. त्यातही बेस्टच्या स्वतःच्या बस हजाराच्या कितीतरी खाली होत्या. शहर वाढले, माणसे वाढली आणि गाड्या घटल्या. हे एका दिवसात झाले नाही.

पूर्वी वीज विभागाच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असे. म्हणजे दिव्याच्या बिलातून बसचे चाक फिरत होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर हा मार्ग हळूहळू बंद होत गेला आणि बस विभाग उघडा पडला. जुन्या गाड्यांचे आयुष्य संपले की त्या भंगारात जाऊ लागल्या, पण तितक्या नव्या गाड्या विकत घेतल्या गेल्या नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा मोठा संप झाला. त्याच वर्षी कंत्राटी बसचा मार्ग पुढे रेटला गेला. तेव्हा कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बस राखाव्यात असे ठरले होते. तो आकडा पुढे राखला गेला नाही.

ही कंत्राटी पद्धत अशी : गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, दुरुस्तीही त्याचीच. बेस्ट त्याला गाडी जितके किलोमीटर चालेल त्याप्रमाणे पैसे देते. कागदावर हिशेब सोपा दिसतो. परंतु २०२२ पासून एकामागून एक कंत्राटदारांनी 'परवडत नाही' म्हणून हात काढून घेतले आणि त्यांच्या शेकडो गाड्या एकदम रस्त्यावरून गेल्या. गाडी शहराची असती तर ती आगारात तरी उभी राहिली असती. भाड्याची गाडी मालकाबरोबर निघून जाते. २०२२ मध्येच २,१०० वातानुकूलित विजेच्या बस भाड्याने घेण्याचे ठरले, पण त्या ठरल्या वेगाने आल्या नाहीत. जुनी गाडी गेली, नवी आली नाही, आणि मधल्या खड्ड्यात प्रवासी पडला.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक नव्हते, बेस्ट समितीही नव्हती. गाड्या घटत होत्या तेव्हा सभागृहात उठून जाब विचारणारे कोणी नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता जाब विचारायला दार आहे, ते ठोठावणे आपल्या हातात आहे.

एक फेरी रद्द, त्रास दुप्पट लोकांना

"दहातली एखादी फेरी रद्द झाली तर एवढा गाजावाजा कशाला?" असे खुर्चीत बसलेला माणूस सहज म्हणतो. त्याच्यासाठी साधे गणित मांडतो. समजा, एका मार्गावर दर वीस मिनिटांनी बस आहे आणि थांब्यावर दर मिनिटाला दोन माणसे येतात. वीस मिनिटांत चाळीस माणसे जमली, गाडी आली, सगळी चढली. आता एक फेरी रद्द झाली. पहिली चाळीस माणसे आणखी वीस मिनिटे थांबली, तेवढ्यात दुसरी चाळीस आली. पुढच्या गाडीत चाळीसऐवजी ऐंशी जणांना घुसायचे आहे.

म्हणजे दहातली एक फेरी गेली की त्रास दहा टक्के लोकांना होत नाही, वीस टक्के लोकांना होतो. पहिल्या चाळीस जणांचा वेळ गेला, दुसऱ्या चाळीस जणांचा श्वास कोंडला. आणि सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या म्हातारबाबांना किंवा पोटुशी बाईला तिसऱ्या गाडीची वाट पाहावी लागली.

त्रास इथेही संपत नाही. खच्चून भरलेल्या गाडीला प्रत्येक थांब्यावर चढ-उतार करायला जास्त वेळ लागतो. ती मागे पडत जाते. तिच्या मागची गाडी रिकामी असल्यामुळे झपाझप येऊन तिला गाठते. मग अर्धा तास एकही गाडी नाही आणि एकदम दोन-तीन गाड्या एकापाठोपाठ, असे दृश्य दिसते. लोक ड्रायव्हरला शिव्या देतात, "गप्पा मारत बसले होते काय रे?" दोष त्याचा नसतो. सकाळी गाळलेल्या एका फेरीची ती सावली दुपारपर्यंत लांबत गेलेली असते.

कफ परेडच्या लोकांना एक गोष्ट जास्त लागते. बॅकबे आगार अगदी शेजारी आहे. सीएसएमटीकडे जाणारी १३८ सारखी गाडी इथूनच सुटते. विहीर दारात आणि घागर रिकामी, अशी गत झाल्यावर माणसाचा जीव कळवळतो.

घरातला हिशेब

आता पैशाकडे वळू. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने भाडे उतरवले आणि पाच किलोमीटरपर्यंत पाच रुपये केले. गरिबाने दुवा दिला, प्रवासी वाढले. ९ मे २०२५ पासून तेच किमान भाडे दहा रुपये झाले आणि वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा झाले. भाडे दुप्पट झाले. गाडी वेळेवर येणार असेल तर तेही आपण पोटाला चिमटा काढून देऊ. पण भाडे दुप्पट आणि गाड्या कमी, हा कोणत्या बाजारातला व्यवहार?

गाडी आली नाही तर पर्याय काय? दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. शायनिंगवाल्यांसाठी टॅक्सी आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्यापिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरचे, एकतीस रुपये झाले. मच्छीमार नगर ते सीएसएमटी साधारण चार किलोमीटर धरले तर मीटर ऐंशीच्या वर जातो. एक फेरी चुकली की दहा रुपयांच्या आठ तिकिटांचे पैसे गेले. चौघींनी मिळून टॅक्सी केली तरी प्रत्येकीला बसच्या दुप्पट पडते. नाहीतर पायी चालायचे आणि कामावर उशिरा पोहोचायचे.

उशिराचा भाव प्रत्येकाला सारखा पडत नाही. साहेबाला उशीर झाला तर तो 'ट्रॅफिक होता' म्हणून आत जातो. कारकुनाला लेटमार्क लागतो आणि अनेक कचेऱ्यांत तीन लेटमार्कांना अर्ध्या दिवसाची रजा कापतात. रोजंदारीवरच्या माणसाला नाक्यावरून परत पाठवतात, त्याचा अख्खा दिवस बुडतो. घरकाम करणाऱ्या बाईला ऐकून घ्यावे लागते, "उद्यापासून वेळेवर जमत नसेल तर दुसरी बघते." तिच्याकडे नियुक्तीचे पत्र नाही, संघटना नाही, भरपगारी रजा नाही. एका रद्द फेरीने तिचे एक घर सुटू शकते.

ज्यांच्याकडे मासिक पास आहे त्यांचा हिशेब तर अगदी सरळ आहे. पास म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. दुकानदाराने महिन्याच्या दुधाचे पैसे घेतले आणि चार दिवस दूध घातले नाही, तर आपण पैसे कापून घेतो की नाही? बसच्या पासाला अशी कापाकापी नाही.

आणि संध्याकाळची गोष्ट? सकाळी उशीर झाला तर पगार जातो, संध्याकाळी उशीर झाला तर घर टांगणीला लागते. चूल थंड, पोरे दारात. वस्तीतल्या एका हुशार मुलीने संगणकाचा संध्याकाळचा वर्ग मध्येच सोडला. मी विचारायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "भाऊ, शिकवायची हौस मला पण आहे. पण रात्री नऊला पोरगी थांब्यावर एकटी उभी, आणि गाडी येणार का नाही ते देवाला तरी माहीत आहे का? माझा जीव राहत नाही." मी निरुत्तर झालो. मुलीची फी भरलेली होती, डोके तल्लख होते, आईबापांचा विरोध नव्हता. तरी वर्ग सुटला. ही नोंद कुठल्या रजिस्टरात होते? या वर्गासारखे किती वर्ग, किती अभ्यासिका, किती नोकऱ्या अशा न आलेल्या गाडीखाली गेल्या असतील?

मेट्रो आली, चांगले झाले

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. ९ ऑक्टोबरपासून लोक कफ परेडहून थेट दादर, वरळी आणि पुढे आरेपर्यंत जाऊ लागले. याचे स्वागत केले पाहिजे. परळला किंवा दादरला जाणाऱ्यांचा वेळ वाचतो, गारव्यात प्रवास होतो.

परंतु मेट्रो ठरावीक स्थानकांवर थांबते आणि बस गल्लीच्या तोंडाशी थांबते. पहाटे पाचला घराबाहेर पडणाऱ्याला मेट्रोचे दार बंद सापडते. गुडघे दुखणाऱ्या आजीला स्थानकापर्यंत नेणारी गाडीही शेवटी बसच आहे. म्हणून 'आता मेट्रो आहे ना' असे म्हणून बसच्या फेऱ्या कमी करणे म्हणजे मोठी नळजोडणी आली म्हणून वस्तीतला सार्वजनिक नळ काढून नेण्यासारखे होईल. मेट्रोमुळे बसची गरज वाढली आहे, कारण स्थानकाला माणसे आणून सोडणारे कोणीतरी हवे.

चालक-वाहक आपलेच

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. थांब्यावर तासभर तापलेला माणूस आपला सगळा राग पहिल्या गाडीच्या वाहकावर काढतो. हे बरोबर नाही. तो आपल्याच चाळीतला, आपल्याच वस्तीतला कामगार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी बसच्या चालकांनी आठवडाभर संप केला तो पगारवाढीसाठी. बेस्टच्या कायम चालकाचेच काम ते करत होते, पगार मात्र पुष्कळ कमी. पोटभर पगार न मिळणारा चालक दुसरी नोकरी मिळाली की निघून जातो, आणि चालक नाही म्हणून उभी गाडी रद्द होते. चालकाचा पगार आणि आपली फेरी यांचा असा सरळ संबंध आहे. म्हणून आपली मागणी त्यांच्या मागणीच्या विरुद्ध जाता कामा नये.

माँटगोमेरीच्या मोलकरणी

बस आणि गरीब बायका यांची एक गोष्ट जगाच्या इतिहासात नोंदलेली आहे, ती या निमित्ताने आठवते. अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी नावाचे शहर आहे. तिथे काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसावे लागे आणि गोऱ्यासाठी उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने जागा सोडायला नकार दिला, तिला अटक झाली, आणि त्या शहरातल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. एवढे बहुतेकांना माहीत असते.

पण त्याआधीचा भाग कमी लोकांना माहीत आहे. तिथल्या महिलांच्या एका संघटनेने मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बसच्या तक्रारी कळवल्या होत्या. त्यात एक मागणी अशी होती की गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी ती काळ्यांच्या वस्तीतही थांबावी. बहिष्कार सुरू झाल्यावर ज्या बायका मैलोन्मैल पायी चालल्या, त्यांत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी जणी होत्या. आपला प्रश्न त्यांच्याइतका भीषण नाही आणि आपल्याला बसवर बहिष्कार घालायचा नाही, आपल्याला तर बस हवी आहे. त्यांच्याकडून शिकायचे ते एवढे की, थांब्यावरची कुरकुर जेव्हा कागदावर उतरली आणि कागदामागे माणसे उभी राहिली, तेव्हाच तिची दखल घेतली गेली.

एक वही घाला

म्हणून माझी वाचकांना, विशेषतः महिला मंडळांना आणि तरुण मुलांना हात जोडून सूचना आहे. प्रत्येक थांब्यामागे एक वही घाला. साधी शंभर पानी वही पुरे. पाच रकाने आखा : तारीख, मार्ग क्रमांक, गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, आणि थांब्यावर अंदाजे किती माणसे होती. सकाळी एकाने आणि संध्याकाळी एकाने नोंद करावी. मुलांना हे काम द्या, त्यांना आवडते. एक महिना खाडा न करता वही भरली की तुमच्या हातात पुरावा आला. 'गाड्या येत नाहीत' असे तोंडी म्हटले तर अधिकारी 'बघतो' म्हणतो. अमुक महिन्यात अमुक वेळेची गाडी इतके दिवस आली नाही, असे तारखेसह लिहून दिले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

या वहीच्या आधारे आगाराच्या व्यवस्थापकांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एक प्रत आपल्या ए विभागातल्या नगरसेवकाला द्या. पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे पावतीशिवाय भरलेले पैसे, हे कारकुनाचे बोल लक्षात ठेवा.

तेवढ्याने भागले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही माफ आहे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. त्यात चारच गोष्टी मागा : अमुक मार्गावर अमुक महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणे काय, आणि कंत्राटी गाडीची फेरी गेली असल्यास दंड किती वसूल केला. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. उत्तरातले आकडे आणि आपल्या वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवा. जुळले तर प्रश्न सिद्ध झाला. जुळले नाहीत तर आणखी मोठा प्रश्न सिद्ध झाला.

मागण्याही फार नाहीत. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी कोणत्याही कारणाने रद्द होऊ नये. फेरी रद्द होणार असेल तर थांब्यावर आणि मोबाईलवर आधी कळवावे. ताफ्यात शहराच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वाढवाव्यात. श्रीमंताच्या शहरात गरिबाने वेळेवर कामाला पोहोचावे, एवढेच हे मागणे आहे.

लेखाच्या सुरुवातीला विचारले होते की रद्द फेरी कोणाच्या नावे मांडायची. आज ती आयाच्या लेटमार्कात, हमालाच्या बुडालेल्या रोजात आणि त्या मुलीच्या सुटलेल्या वर्गात मांडली जाते, आणि तिथे ती कोणाला दिसत नाही. आपण ती वहीत मांडू. मग ज्याच्या नावे ती खरोखर निघते, त्याला ती दाखवता येईल. त्या मुलीच्या आईला मी सांगून आलो आहे की पहिली वही तुमच्या थांब्यावर घालू. ती म्हणाली, "वही मी आणते भाऊ, लिहायला पोरगी आहेच."